पंधरा अँपिअरची रात्र : घरातल्या चार्जरचा भारतीय इतिहास

विजेच्या मोटारीसाठी घराच्या भिंतीवर जी पेटी बसवली जाते, तिला सर्वजण ‘चार्जर’ म्हणतात. प्रत्यक्षात ती पेटी बॅटरी चार्ज करीत नाही. बॅटरीला एकाच दिशेने वाहणारी दिष्ट धारा लागते. घरात येते ती सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करणारी प्रत्यावर्ती धारा. एकीचे दुसरीत रूपांतर करणारे यंत्र, म्हणजे खरा चार्जर, मोटारीच्या पोटात असते. भिंतीवरच्या पेटीत मुख्यतः एक भक्कम स्विच, विजेची गळती ओळखणारे एक मंडल आणि मोटारीशी संकेतांची देवाणघेवाण करणारी एक बारीक तार एवढाच संसार असतो.

मग मोटार सरळ भिंतीतल्या सॉकेटलाच जोडली तर काय बिघडते? भारतात कित्येक वर्षे नेमके तेच केले गेले, आणि आजही पुष्कळ घरांत तेच केले जाते. त्यामुळे या पेटीचा इतिहास मोटारीच्या इतिहासापेक्षा घराच्या तारांचा, अर्थिंगचा आणि वाहनतळावरच्या हक्काचा इतिहास अधिक आहे.

दिष्टकारीचा प्रवास

शतकापूर्वी परिस्थिती उलट होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेतील शहरांत विजेच्या मोटारी चांगल्यापैकी रुळल्या होत्या. शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते याने १८५९ मध्येच तयार केली होती. ज्या भागांत दिष्ट धारेचा पुरवठा होता तेथे बॅटरी चार्ज करणे सोपे होते. परंतु प्रत्यावर्ती धारेचे जाळे पसरत गेले तसा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर पीटर कूपर ह्युइट याच्या पाऱ्याच्या दिष्टकारीने दिले. १९०२ मध्ये शोधलेल्या या उपकरणात काचेच्या निर्वात फुग्यात पाऱ्याची वाफ असे आणि तिच्यातून धारा एकाच दिशेने जाऊ शके. श्रीमंतांच्या गॅरेजमध्ये असा दिष्टकारी भिंतीशी उभा असे आणि रात्रभर त्याचा निळसर प्रकाश पडत राही. तेव्हा चार्जर खरोखरच घरात होता आणि मोटारीत केवळ बॅटरी होती.

वीज कंपन्यांनाही या मोटारी प्रिय होत्या. दिवे मालवले की मध्यरात्रीनंतर त्यांची जनित्रे जवळजवळ रिकामी फिरत. त्या वेळी वीज घेणारा ग्राहक मिळणे म्हणजे फुकट गेलेल्या क्षमतेचे पैसे होणे. ‘मोटार रात्री चार्ज करावी’ ही समजूत त्या काळापासूनची आहे. तिचा संदर्भ लेखाच्या अखेरीस पुन्हा येईल, कारण भारतात ती आता उलटू लागली आहे.

१९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला, पेट्रोलची मोटार हँडल न मारता सुरू होऊ लागली आणि विजेची मोटार मागे पडली. ती परतली तेव्हा अर्धवाहकांचे युग आले होते. रोहित्राचा आकार वारंवारितेवर अवलंबून असतो. ५० हर्ट्‌झला जे रोहित्र उचलायला दोन माणसे लागतील, त्याचे काम दहा-वीस हजार हर्ट्‌झला तळहाताएवढे रोहित्र करते. वेगाने उघडझाप करणारे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि दिष्टकारी गॅरेजमधून उठून मोटारीत जाऊन बसला. भिंतीवर उरला तो केवळ सॉकेट.

भारतीय भिंतीतला सॉकेट

तो सॉकेट कोणता होता, याला महत्त्व आहे. भारतीय घरांतील गोल पिनांचे प्लग हा ब्रिटिश वारसा आहे. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश मानकात २, ५, १५ आणि ३० अँपिअरचे गोल पिनांचे प्लग होते. पुढे १९४७ मध्ये ब्रिटनने चौकोनी पिनांचे, आत फ्यूज असलेले नवे प्लग स्वीकारले. भारताने मात्र जुनेच ५ आणि १५ अँपिअरचे प्लग ठेवले. कालांतराने भारतीय मानकात त्यांना ६ आणि १६ अँपिअर म्हटले गेले. तरी तारतंत्र्यांच्या बोलण्यात ‘पंधरा अँपिअर’ हाच शब्द टिकून राहिला. दिवे, पंखे आणि रेडिओ लहान सॉकेटवर. इस्त्री, गिझर आणि पुढे वातानुकूलन यंत्र मोठ्या सॉकेटवर, अशी ही विभागणी होती.

या मोठ्या सॉकेटवर चालणारी उपकरणे बव्हंशी थांबून थांबून चालत. गिझर वीस मिनिटांत पाणी तापवून बंद होतो. इस्त्रीतला तापनियंत्रक दर काही सेकंदांनी धारा तोडतो. वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसरही थांबत-चालत राहतो. पूर्ण भार सलग आठ-नऊ तास वाहून नेण्याचा प्रसंग घरातल्या सॉकेटवर सहसा आलाच नव्हता.

१९९३ मध्ये केरळमधील चालकुडी येथील एडी करंट कंट्रोल्स या कंपनीने ‘लव्हबर्ड’ नावाची दोन आसनांची विजेची मोटार दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात मांडली. तिचे उत्पादन अल्पजीवी ठरले. खऱ्या अर्थाने घरोघरी रात्री सॉकेटला जोडली गेलेली पहिली भारतीय मोटार म्हणजे बंगळुरूची ‘रेवा’. चेतन मैनी यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली ही मोटार २००१ मध्ये बाजारात आली. तिच्यात ६ व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या एकसर जोडून ४८ व्होल्टचा संच केलेला होता आणि एका चार्जमध्ये ती सुमारे ८० किलोमीटर जाई. सार्वजनिक चार्जिंग केंद्र नावाची गोष्ट तेव्हा देशात नव्हतीच. म्हणून मोटारच घराला जुळवून घेणारी केली गेली : चार्जर मोटारीत बसवलेला, बरोबर एक तार, आणि तारेच्या टोकाला १५ अँपिअरचा प्लग. घरात नवे काहीही बसवण्याची गरज नाही, हेच तिचे वैशिष्ट्य होते. २००४ पासून हीच मोटार ‘जी-विझ’ या नावाने लंडनच्या रस्त्यांवरही धावली.

ही तडजोड शहाणपणाची होती, कारण रेवाची बॅटरी लहान होती. लिथियम-आयनच्या बॅटऱ्या आल्या आणि हिशेब बदलला.

तारेतला हिशेब

२०२० च्या जानेवारीत बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही या मोटारीत ३०.२ किलोवॉट-तासांची बॅटरी होती. १५ अँपिअरच्या सॉकेटमधून साधारण ३.३ किलोवॉट मिळतात. भागाकार केला की नऊ तास होतात. रूपांतरातील तूट धरली तर थोडे अधिकच. एक संपूर्ण रात्र हा सॉकेट पूर्ण क्षमतेने राबत राहणार, असा याचा अर्थ.

येथे शाळेत शिकलेला जूलचा नियम प्रत्यक्ष घरात उतरतो. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मीटरपासून वाहनतळापर्यंत २० मीटर अंतर आहे आणि २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वापरली आहे असे समजा. जाऊन-येऊन ४० मीटर तारेचा रोध सुमारे ०.२८ ओहम होतो. १५ अँपिअरला या तारेत सुमारे ६२ वॉट उष्णता निर्माण होते; ती लांबीवर विखुरलेली असल्याने सहन होते. हीच तार ३२ अँपिअरच्या चार्जरला जोडली तर उष्णता दुप्पट होत नाही. ती सुमारे २८० वॉट होते, म्हणजे साडेचार पटींहून अधिक. म्हणूनच मोठ्या चार्जरसाठी जाड, स्वतंत्र तार ओढावी लागते.

परंतु खरा धोका लांब तारेत नसून प्लगच्या पिनेत असतो. सॉकेटमधली स्प्रिंग सैल झाली, पिनेवर काळपट थर जमला किंवा मागचा स्क्रू ढिला राहिला, तर त्या एका बिंदूशी दहांश ओहमाचा रोध सहज निर्माण होतो. १५ अँपिअरचा वर्ग २२५, त्याला ०.१ ने गुणले की २२.५ वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची लहान डाग देण्याची सोल्डरिंग इस्त्री साधारण २५ वॉटची असते आणि ती कथलाचा मिश्रधातू वितळवते. तेवढीच उष्णता भिंतीतल्या प्लास्टिकच्या बंदिस्त पेटीत, रात्रभर, कुणाचेही लक्ष नसताना साठत राहते. तापल्यामुळे स्प्रिंग आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. गिझरच्या वीस मिनिटांत हे चक्र सुरू होण्याआधीच थांबते. मोटारीच्या नऊ तासांत त्याला पुरेसा अवधी मिळतो.

या परिस्थितीत एमसीबी काहीही करीत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे. एमसीबी धारा मोजतो आणि धारा तर १५ अँपिअरच आहे. पिनेजवळचे तापमान त्याला दिसत नाही.

पेटी काय पाहते

भिंतीवरची पेटी जन्माला आली ती ही आंधळी जागा डोळस करण्यासाठी. प्रथम ती सैल सॉकेटच काढून टाकते : मीटरपेटीतून येणारी स्वतंत्र तार पेटीत स्क्रूने घट्ट बसवलेली असते. दुसरे काम संवादाचे. मोटारीची जोडणी लावली की लगेच वीज वाहत नाही. पेटी एका बारीक तारेवर १२ व्होल्टचा संकेत पाठवते. मोटार जोडली गेली की तिच्यातील रोधामुळे तो ९ व्होल्टवर येतो. मग पेटी त्याला सेकंदाला १००० वेळा चालू-बंद होणाऱ्या लहरीचे रूप देते. त्या लहरीचा ‘चालू’ भाग किती टक्के, यावरून मोटारीला कळते की जास्तीत जास्त किती धारा घ्यायची : सुमारे २७ टक्के म्हणजे १६ अँपिअर, सुमारे ५३ टक्के म्हणजे ३२ अँपिअर. मोटार तयार झाली की तो संकेत ६ व्होल्टवर उतरवते. तेव्हा कुठे पेटीतला मोठा स्विच मिटतो. तोपर्यंत जोडणीच्या पिनांत वीज नसते, त्यामुळे पावसात भिजलेल्या हातांनी ती उचलली तरी बाधा होत नाही.

तिसरे काम गळती ओळखण्याचे. मोटार रबरी टायरांवर उभी असते, म्हणजे जमिनीपासून विलग असते. आतल्या एखाद्या तारेचे आवरण फाटून ती धातूच्या सांगाड्याला टेकली, तर सारी मोटार २३० व्होल्टला पोहोचू शकते आणि कुणी ओल्या फरशीवर उभे राहून दाराला हात लावीपर्यंत ते कळणारही नाही. अर्थिंगची तार असेल तर हा दोष जमिनीकडे वाट काढतो आणि गळतीरोधक स्विच ३० मिलिअँपिअरच्या फरकाला वीज तोडतो. हा स्विच एका लोखंडी कड्यातून जाणारी आणि परत येणारी धारा यांची तुलना करतो. मात्र मोटारीतल्या दिष्टकारीतून दिष्ट धारेची गळती झाली, तर ते कडे चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होते आणि साधा गळतीरोधक स्विच निकामी होतो. म्हणूनच अशा पेट्यांत ६ मिलिअँपिअर दिष्ट गळती ओळखणारा वेगळा संवेदक बसवला जातो.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया अर्थिंग हा आहे आणि भारतीय घरांत नेमका तोच कच्चा राहतो. तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसरे भोक मागे कशालाच जोडलेले नसते. किंवा एकेकाळी पुरलेली पट्टी गंजून गेलेली असते. वर्षानुवर्षे पंखे आणि दिवे चालत राहतात, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. मोटारीबरोबर मिळणाऱ्या तारेच्या मध्यावर जी लहान पेटी असते, तिच्यावर तांबडा दिवा लागून चार्जिंग नाकारले जाते, तेव्हा अनेक घरांना आपल्या अर्थिंगची अवस्था प्रथमच कळते. ग्राहकाला तो चार्जरचा दोष वाटतो. प्रत्यक्षात चार्जरने घराचा दोष उघड केलेला असतो.

कायद्याची वाट

तंत्रज्ञान तयार असले तरी कायदा संदिग्ध होता. २००३ च्या विद्युत कायद्यानुसार वीज विकण्यासाठी परवाना लागतो. मग एखाद्या गृहनिर्माण संस्थेने सभासदांसाठी सामाईक चार्जर बसवून पैसे घेतले, तर ती वीजविक्री ठरते काय? १३ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले की वाहन चार्ज करणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. त्यासाठी परवान्याची आवश्यकता नाही. त्याच वर्षी १४ डिसेंबरला आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत घरी आणि कार्यालयात खासगी चार्जिंगला मुभा असल्याचे नमूद झाले. जानेवारी २०२२ च्या सुधारित तत्त्वांनी, मालकाला आपल्या सध्याच्याच वीजजोडणीवरून वाहन चार्ज करता येईल, हे निःसंदिग्ध केले.

सुरक्षेचे नियम २०१९ मध्ये आले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने आपल्या सुरक्षा विनियमांत चार्जिंगसंबंधी नवी तरतूद घातली. तिच्यातल्या काही अटी अगदी घरगुती भाषेत सांगता येतात : सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावा, म्हणजे पावसाचे पाणी तुंबले तरी तो बुडू नये, वाहन चार्जिंगच्या जागेपासून ५ मीटरच्या आत उभे करता यावे, आणि मधे जोडतार, म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड, वापरू नये. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली, मधे दोन ठिकाणी जोडलेली तार अनेक वसाहतींत दिसते. ती या नियमाचे उल्लंघन तर आहेच, पण तिच्यात सैल जोडांची संख्या वाढते, हे अधिक गंभीर आहे.

ज्यांना गॅरेज नाही त्यांचे काय

भारतातील विजेच्या वाहनांत भरणा मोटारींचा नाही, दुचाकींचा आणि तिचाकींचा आहे. त्यांचा इतिहास निराळ्या वाटेने गेला. दिल्लीत ई-रिक्षा रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांना कायद्यात स्थानच नव्हते. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली आणि २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन त्या अधिकृत झाल्या. वाहन अधिकृत झाले, पण ते रात्री कुठे चार्ज होणार, हा प्रश्न सुटला नाही. एका खोलीत राहणाऱ्या चालकाकडे स्वतंत्र वीजजोडणी असतेच असे नाही. दाटीवाटीच्या वस्त्यांत खांबावरून ओढलेल्या तारांवर, अर्थिंगशिवाय, ओल्या जमिनीवर रिक्षा चार्ज होत राहिल्या आणि विजेच्या धक्क्याने माणसे दगावल्याच्या बातम्याही येत राहिल्या. मोटारमालकाला चार्जर ही सोय आहे. रिक्षाचालकाला ती रोजच्या भाकरीची अट आहे.

सरकारी प्रयत्नांतही हा बदल दिसतो. २०१७ मध्ये ‘भारत एसी-००१’ हे पहिले देशी विनिर्देश आले, त्यात पुण्याच्या ‘एआरएआय’ संस्थेचा सहभाग होता. एका खांबावर १५ अँपिअरच्या तीन जोडण्या, आणि त्याही घरगुती गोल पिनांच्या नव्हेत तर औद्योगिक पद्धतीच्या, अशी ती रचना होती. सार्वजनिक जागांसाठी ती योग्य असली तरी किराणा दुकानाच्या किंवा चाळीच्या भिंतीवर ती बसणारी नव्हती. म्हणून २०२१ मध्ये हलक्या वाहनांसाठी स्वस्त चार्ज पॉइंटचे भारतीय मानक तयार झाले. ३ किलोवॉटपर्यंत वीज देणारी, मोबाइल फोनने चालू होणारी, सुमारे ३५०० रुपयांत मिळावी असे उद्दिष्ट ठेवलेली ही लहानशी पेटी आहे. आत चार्जर नाही. फक्त मोजणारा, तोडणारा आणि जोडणारा स्विच आहे. म्हणजे येथेही तोच निष्कर्ष : घराला हवा आहे तो चार्जर नव्हे, विश्वासार्ह स्विच.

चार्जर नेमका कुणाचा, या प्रश्नाने २०२३ मध्ये एक विलक्षण वळण घेतले. दुचाकींवरील केंद्रीय अनुदानासाठी किमतीची मर्यादा होती. काही उत्पादकांनी चार्जर ही वेगळी वस्तू म्हणून विकली. त्यामुळे वाहनाची किंमत मर्यादेत राहिली आणि अनुदान मिळाले. सरकारने आक्षेप घेतला आणि कंपन्यांना ग्राहकांना चार्जरचे पैसे परत करण्याचे मान्य करावे लागले. चार्ज करण्याच्या साधनाविना विकलेले वाहन पूर्ण वाहन मानावे काय, हा प्रश्न त्या निमित्ताने प्रथमच इतक्या ठळकपणे पुढे आला.

मीटर ते वाहनतळ

शहरांत आता अडचण तारेच्या मार्गाची आहे. सदनिकेचा मीटर तळमजल्यावरच्या मीटर खोलीत. मोटार दुसऱ्या टोकाला तळघरात. मधली सारी भिंत आणि छत सर्वांच्या मालकीचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने आदर्श इमारत उपविधींत बदल सुचवून नव्या इमारतींत २० टक्के वाहनांसाठी चार्जिंगची व्यवस्था आणि त्यासाठी जादा वीजभार धरण्यास सांगितले. परंतु उभ्या असलेल्या इमारतींना हे लागू होत नाही आणि बहुसंख्य माणसे उभ्या असलेल्या इमारतींतच राहतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. विद्युत वाहनासाठी ग्राहकाला स्वतंत्र वीजजोडणी मागता येईल, असे तिच्यात म्हटले आहे. नव्या जोडणीची मुदतही कमी केली गेली : महानगरांत ३ दिवस, अन्य नागरी भागांत ७ आणि ग्रामीण भागांत १५ दिवस. ग्राहक आणि वितरण कंपनी यांच्यातला प्रश्न यामुळे बराच सुटला. ग्राहक आणि शेजारी यांच्यातला प्रश्न मात्र सभेच्या इतिवृत्तात अडकून राहतो. ना हरकत देताना आगीची भीती पुढे केली जाते. ती निराधार नाही. २०२२ मध्ये विजेच्या दुचाकींना लागलेल्या आगींनंतर केंद्राने ‘डीआरडीओ’च्या अग्निसुरक्षा केंद्राला तपास सोपवला आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत बॅटरीचे व चार्जरचे कडक नियम लागू केले. तथापि भीतीपोटी परवानगी नाकारली तर मोटार नाहीशी होत नाही. ती जिन्याखालच्या जुन्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर, जोडतारेने, चार्ज होऊ लागते. स्वतंत्र तार, गळतीरोधक स्विच आणि तपासलेले अर्थिंग यांना नकार देऊन संस्था धोका टाळत नाही, तो वाढवते.

रात्र की दुपार

अखेरीस सुरुवातीच्या त्या रात्रीकडे वळावे लागते. शतकापूर्वी रात्रीची वीज रिकामी पडून राही, म्हणून रात्री चार्जिंग करणे सर्वांच्या सोयीचे होते. भारताची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटच्या पुढे गेली. आता भरपूर वीज असते ती दुपारी. तुटवडा भासतो तो सूर्य मावळल्यावर, नेमका कामावरून परतलेली माणसे प्लग लावतात तेव्हा. २०२३ च्या नियमदुरुस्तीने दिवसाच्या सौर तासांत वीज स्वस्त आणि मागणीच्या शिखरकाळात महाग ठेवण्याची पद्धत ठरवली, आणि १ एप्रिल २०२५ पासून शेतीखेरीज इतर ग्राहकांनाही ती लागू करण्याचे ठरले. म्हणजे पुढच्या काळात भिंतीवरच्या पेटीवर आणखी एक काम येणार : किती वीज द्यायची याबरोबरच, केव्हा द्यायची हेही ठरवण्याचे. प्लग संध्याकाळी सातला लावलेला असला तरी वीज उतरत्या मागणीच्या वेळी, रात्री उशिरा सुरू व्हावी, हे ती पेटी करू शकते. साधा सॉकेट करू शकत नाही.

मात्र दुपारची स्वस्त वीज ज्याची मोटार दुपारी सॉकेटजवळ उभी असेल त्यालाच मिळणार. कार्यालयाच्या वाहनतळावर, महाविद्यालयाच्या आवारात, बाजारपेठेतल्या रिक्षाथांब्यावर पेट्या बसल्या तरच सूर्याची वीज चाकांपर्यंत पोहोचेल. त्या पेट्या स्वस्त आहेत आणि त्यांचे मानक तयार आहे. उरला आहे तो जागेचा आणि संमतीचा प्रश्न.

१९३४ च्या मानकातला गोल पिनांचा प्लग इस्त्री आणि शेगडी यांसाठी योजलेला होता. त्याने रेवाला वीस वर्षांहून अधिक काळापूर्वी पहिला आसरा दिला आणि आजही तो लक्षावधी वाहनांना देत आहे. त्याच्याकडून सलग नऊ तासांची अपेक्षा करायची असेल, तर निदान त्याचे तिसरे भोक जमिनीपर्यंत पोहोचते की नाही, एवढे एकदा तपासून पाहणे प्रत्येक घराच्या हाती आहे. मान्यताप्राप्त तारतंत्र्याचे ते अर्ध्या तासाचे काम आहे, आणि घरात मोटार यायची असो वा नसो, ते करून घेण्यासारखे आहे.